आयर्लंडांतील ‘ग्राम्य’ इंग्रजी

गेल्या सत्रांत बी. ए.च्या वर्गास सिंग या आयरिश नाटककाराची ‘रायडर्स टु द सी’ ही एकांकिका शिकवीत असतां घडलेली एक लहानशी गोष्ट या लेखास कारण झाली. नाटिकेंतील पात्रें ‘आफ्टर’ या साध्या इंग्रजी शब्दाचा असा कांहीं उपयोग करतात कीं, शाळेंत व्याकरण घोकलेल्या मनुष्यानें कानांवर हात ठेवावे. आमच्या वर्गांतील एका हुशार विद्यार्थिनीनें आपल्या पुस्तकाच्या समासांत अशा प्रत्येक वाक्यापुढें पेन्सिलीनें ‘अशुद्ध’ असा शेरा मारला होता. आणि त्यांतल्या एका वाक्याचा अर्थ आम्हीं विचारला असतां तिनें जो सांगितला, तो नेमका उलटा होता.

आयरिश शेतकरी ‘आय ॲम आफ्टर ईटिंग माय डिनर’ असें म्हणतो, तेव्हां तो नुकताच जेवून उठलेला असतो. इंग्रजाच्या कानास मात्र तें ‘मी जेवणाच्या मागें लागलों आहें’ असें ऐकूं येतें. आणि लंडनच्या रंगभूमीवर पिढ्यान्‌पिढ्या जो हास्यास्पद आयरिश गडी नाचविला गेला, त्याच्या तोंडीं तर हा प्रयोग सर्रास भविष्यकाळीं घातलेला आढळतो. तेव्हां चूक झाली ती बऱ्याच मोठ्या मंडळींच्या संगतींत झाली, असें सांगून आम्हीं त्या मुलीचें समाधान केलें. पण तिच्या ‘अशुद्ध’ या शेऱ्याचें उत्तर तासाची घंटा होण्यापूर्वीं देतां येण्यासारखें नव्हतें. तें येथें देण्याचा विचार आहे.

आयरिश भाषेंत इंग्रजी ‘हॅव’सारखें, मालकी दाखविणारें क्रियापदच नाहीं. पुस्तक माझें आहे हें सांगावयाचें तर ‘पुस्तक माझ्यापाशीं आहे’ असें म्हणावयाचें. भूक लागली तर ‘भूक माझ्यावर आहे’ असें. मराठी वाचकास यांत चमत्कारिक वाटण्याजोगें कांहीं नाहीं; आपणही भूक बाळगीत नाहीं, ती आपल्याला लागते. परंतु ‘हॅव’च नाहीं म्हटल्यावर ‘आय हॅव ईटन’ या साच्याचा काळही आयरिशमध्यें असूं शकत नाहीं. त्याची गरज ती भाषा ‘मी जेवणानंतर आहें’ अशा रचनेनें भागविते. या रचनेंतील एकेक शब्द उचलून त्याच्या जागीं इंग्रजी शब्द बसवावा, म्हणजे ‘आफ्टर’चें कोडें सुटतें. शब्द इंग्रजी, वाक्य आयरिश.

याहूनही नाजूक असा एक भेद आहे. ‘तो घरीं आहे’ आणि ‘तो घरीं असतो’ या दोन वाक्यांत केवढें अंतर आहे, हें आपल्याकडील लहान मूलही जाणतें. इंग्रजींत दोहोंसही ‘ही इज ॲट होम’ हें एकच वाक्य. आयरिश भाषेंत मात्र मराठीप्रमाणेंच ‘आहे’ आणि ‘असतो’ यांचीं रूपें निराळीं आहेत. आयरिश माणसानें इंग्रजी स्वीकारली तेव्हां हा भेद टाकून देण्यास तो राजी झाला नाहीं, आणि त्यानें ‘ही डझ बी ॲट होम’ अशी जोडणी तयार केली. शाळामास्तरांनीं हा प्रयोग अडाणीपणाची खूण मानली. आमच्या मतें त्यांत इंग्रजीला नसलेली एक सोय आहे. तसेंच ‘होय’ आणि ‘नाहीं’ यांचें. आयरिशमध्यें यांस स्वतंत्र शब्द नाहींत, ‘येशील का?’ याचें उत्तर ‘येईन’ किंवा ‘येणार नाहीं’ असेंच द्यावयाचें. म्हणून आजही डब्लिनमध्यें ‘आर यू कमिंग?’ असें विचारल्यास ‘येस’ऐवजीं ‘आय ॲम’ असें उत्तर येण्याचाच संभव अधिक.

एका भाषेचा सांगाडा दुसरीच्या कातड्याखालीं असा कसा राहिला, हें समजण्यासाठीं थोडें इतिहासांत शिरलें पाहिजे. १३६६ सालीं किल्केनी येथें इंग्रज सत्ताधाऱ्यांनीं कायदे केले, त्यांत आयर्लंडांत राहणाऱ्या इंग्रजांनीं इंग्रजीच बोलावी, आयरिश बोलल्यास त्यांची जमीन जप्त होईल, असें एक कलम होतें. म्हणजे त्या काळीं जेत्यांचींच मुलें जितांची भाषा बोलूं लागलीं होतीं व तीं हातचीं जातात कीं काय, ही चिंता होती. यांतील मौज अशी कीं, इंग्रजी बोलण्याची आज्ञा करणारा हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्यें. कारण इंग्रजांच्या दरबाराची लेखी भाषा तेव्हां तीच होती. कायद्याचा उपयोग फारसा झाला नाहीं. वारें फिरलें तें सतराव्या शतकांत. १६०९ पासून अल्स्टर प्रांतांत व पुढें क्रॉमवेलच्या स्वारीनंतर इतरत्र आयरिश जमिनी हिसकावून तेथें इंग्रज व स्कॉट वसविण्यांत आले. त्यांच्याबरोबर आलेली इंग्रजी शेक्सपिअरनंतरच्या एक-दोन पिढ्यांची होती, आणि ती तेथें मुरली. आयरिश माणूस ‘टी’ला ‘टे’ म्हणतो याला लंडनकर पुढें हंसले. पण खुद्द पोप कवीनें चहाचें यमक ‘ओबे’शीं जुळविलें आहे. लंडनची फॅशन बदलली, आयर्लंडची बदलली नाहीं, एवढाच काय तो फरक. हंसणारे आपल्याच पणजोबांस हंसत होते.

पण खरा आघात एकोणिसाव्या शतकांतला. १८३१ सालीं सरकारी शाळा निघाल्या. त्यांत शिक्षण इंग्रजींतून. आयरिशला जागा नाहीं. याच सुमारास मुलाच्या गळ्यांत दोरीनें एक काठी अडकविण्याची चाल पसरलेली दिसते. मुलाच्या तोंडून आयरिश शब्द निघाला कीं काठीवर एक खांच पाडावयाची, आणि मास्तरांनीं खांचा मोजून तितकी शिक्षा करावयाची. ऑस्कर वाइल्डचे वडील सर विल्यम वाइल्ड हे नांवाजलेले वैद्य असून लोकरूढींचे संग्राहक होते. १८५२ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं कॉनॉट प्रांताच्या पश्चिम भागांतील एका झोंपडींत पाहिलेला प्रसंग नोंदविला आहे. पाहुणा आला म्हणून मुलें भोंवतीं जमलीं. त्यांतला आठ-एक वर्षांचा मुलगा बहिणीशीं आयरिशमध्यें कांहीं बोलून गेला, आणि बापाची नजर पडतांच जागच्या जागीं गोठला. बापानें त्यास जवळ बोलाविलें, एक शब्दही न बोलतां त्याच्या अंगरख्यांतून ती काठी बाहेर काढली आणि चाकूनें तीवर आणखी एक खांच पाडली. वाइल्ड यांनीं त्याला विचारलें, तुझें आयरिशवर प्रेम नाहीं काय? बापाचे डोळे चमकले. प्रेम आहेच, जुन्या देशाची व जुन्या काळाची ती बोली आहे, असें तो म्हणाला. पण मुलांना शिक्षण तर मिळालें पाहिजे, आणि शाळेंत आयरिश शिकवीत नाहींत.

हा प्रसंग आम्हीं वर्गांत सांगितला, तेव्हां तीन-चार मुलें खालीं पाहूं लागलीं. शाळेच्या आवारांत मराठी बोलल्याबद्दल दंड भरलेलीं तीं मुलें होतीं. कोणत्या शाळेंत, हें आम्हीं विचारलें नाहीं.

ती काठी इंग्रज शिपायानें येऊन गळ्यांत घातली नव्हती, हें या प्रसंगांतील खरें दुःख आहे. लोकांचा सर्वांत मोठा पुढारी डॅनिएल ओकॉनेल हा स्वतः आयरिश बोलत वाढलेला. पण इंग्रजीचा व्यवहारांतील उपयोग इतका मोठा आहे कीं, आयरिश हळूहळू मागें पडली तरी आपण सुस्कारा टाकणार नाहीं, असा त्याचा अभिप्राय होता. त्यांत १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळाचीं वर्षें आलीं. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व त्याहून अधिक देश सोडून गेलीं. १८४१ सालीं एक्याऐंशीं लक्षांवर असलेली वस्ती १८५१ सालीं पासष्ट लक्षांवर आली. मेले व गेले त्यांत आयरिश बोलणारे गरीब शेतकरीच जास्त. जो मुलगा अमेरिकेच्या जहाजावर चढणार, त्याला इंग्रजी हवी; आणि पांच मुलांपैकीं तीन चढणार हें आईबापांस ठाऊक. १८५१ च्या शिरगणतींत प्रथमच भाषेचा प्रश्न विचारला गेला, तेव्हां आयरिश जाणणारे पंधरा लक्षांच्या आसपास, म्हणजे चौघांत एकाहूनही कमी भरले. १८९१ सालीं तो आंकडा सात लक्षांच्याही खालीं गेला होता.

इतक्या घाईनें जी भाषा शिकली गेली, ती शिकविली कोणी? ज्या बापास इंग्रजी धड येत नव्हती, त्यानेंच ती घरांत बोलावयास लावली. ज्या मास्तरानें ती पुस्तकांतून शिकली, त्यानें ती शाळेंत दिली. मग ऐनवेळीं शब्द न सुचला कीं आयरिश शब्द जायचा, आणि वाक्य तर आयरिश वळणाचेंच पडायचें. पुढच्या पिढीस जुनी भाषा येईनाशी झाली, तरी हें वळण व हे शब्द तिच्या तोंडीं राहिले. इंग्रज ज्याला आयरिश लोकांचें ‘स्लँग’ म्हणून नाक मुरडतो, त्याचा मोठा भाग हा असा आहे. स्लँग या शब्दांत बाजारीपणा व क्षणिकपणा दोन्ही ध्वनित होतात; येथें तर शंभर-दीडशें वर्षें कोणी हटवूं न शकलेली चीज आहे.

आतां त्यांतील कांहीं शब्दांकडे वळूं. कोणते शब्द टिकले, हें पाहण्याजोगें आहे. शास्त्र, कायदा, व्यापार यांचे शब्द गेले. उरले ते माणसाच्या स्वभावाचे, मायेचे आणि शिव्यांचे. ‘प्लॉमास’ म्हणजे काम साधण्यासाठीं केलेली गोड स्तुति. मराठींतला ‘मस्का’ त्याच्या जवळ येतो, पण प्लॉमासमध्यें थोडी कलाही अभिप्रेत आहे. ‘स्लिव्हीन’ म्हणजे वरून गरीब दिसणारा आंतल्या गांठीचा मनुष्य. ‘अमाडॉन’ हा मूर्ख पुरुष. मूर्ख बाईला निराळा शब्द आहे, तो आम्ही सांगत नाहीं. डावखुऱ्यास ‘किटोग’ म्हणतात, आणि त्याच धातूचा शब्द धांदरट माणसासही लागतो. ‘गॉम्बीन’ याचा मूळ अर्थ व्याज. दुष्काळांत धान्य उधार देऊन अडल्यानडल्यांस नागविणारा गांवचा दुकानदार-सावकार तो ‘गॉम्बीन मॅन’, आणि आज डब्लिनमध्यें एखाद्या लांचखाऊ पुढाऱ्यास हेंच विशेषण मिळतें. ‘शोनीन’ हा शब्द तर इंग्रजी शिकलेल्या आम्हां मंडळींनीं मुद्दाम ध्यानांत ठेवावा असा आहे. ‘जॉन’ या नांवाच्या आयरिश रूपास लघुत्वदर्शक ‘ईन’ प्रत्यय लावून तो बनला. जॉन बुलची नक्कल करणारा छोटा जॉन, साहेबी ऐटींत वावरणारा देशी माणूस, असा त्याचा अर्थ.

याहून गमतीचे ते शब्द, जे दिसावयास सरळ इंग्रजी आहेत पण ज्यांच्या पोटांत आयरिश अर्थ आहे. खोडकर मुलास आयरिश आई ‘बोल्ड’ म्हणते. इंग्रजींत ही शाबासकी ठरेल. पण आयरिशमधील ‘डॉना’ या शब्दाचे धीट व द्वाड असे दोन्ही अर्थ होतात, म्हणून तिनें इंग्रजी शब्दासही दोन्ही देऊन टाकले. ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे वाटप नव्हे. रागें भरणें, कुरकुर करणें. ‘युअर मॅन’ म्हणजे तुमचा नोकर किंवा नवरा नव्हे, तर ज्याचें नांव घेण्याची गरज नाहीं असा ‘तो गृहस्थ’. आयरिशमध्यें त्याला ‘माझा माणूस’ म्हणतात, इंग्रजींत येतांना तो तुमचा कसा झाला कोण जाणे. आणि ‘इज हिमसेल्फ ॲट होम?’ या प्रश्नांतील ‘हिमसेल्फ’ म्हणजे घरधनी. आपल्या आजीच्या तोंडीं ‘घरांत आहेत का हे?’ यांतील ‘हे’ ज्यांनीं ऐकलें असेल, त्यांस याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

‘अकुश्ला’ म्हणजे हृदयाची नाडी, ‘अस्तोर’ म्हणजे ठेवा, हे लाडके शब्द परदेशीं फार प्रसिद्ध झाले, ते एकोणिसाव्या शतकांतील अश्रुपूर्ण गाण्यांमुळें. रोजच्या बोलण्यांत त्यांपेक्षां ‘अमाडॉन’च अधिक ऐकूं येईल. पण गाण्याला व नाटकाला जें विकतें तेंच हवें असतें, आणि यामुळें आयरिश बोलीची जितकी हानि शत्रूंनीं केली तितकीच चाहत्यांनींही केली. एकीकडे ‘पंच’सारखीं लंडनचीं पत्रें आयरिश माणसाचें चित्र माकडाच्या तोंडाचें काढीत व त्याच्या तोंडीं मोडकी भाषा घालीत, दुसरीकडे रंगभूमीवरचा तोच माणूस दर वाक्यास ‘बिगॉरा’ म्हणून टाळ्या घेई. खरा आयरिश शेतकरी तो शब्द किती वेळां उच्चारी, हा संशोधनाचाच विषय आहे. जमीनदार घराण्यांतील मारिया एजवर्थ हिनें १८०० सालीं ‘कासल रॅकरेंट’ ही कादंबरी लिहिली, ती सबंध एका म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या बोलींत. शेवटीं इंग्रज वाचकांसाठीं शब्दांचा कोशही जोडला. ही बोली सबंध पुस्तक पेलूं शकते, असें त्या काळीं वाटणें हेंच धाडस होतें.

सिंगनें तेंच धाडस शंभर वर्षांनीं पुढें नेलें. अरान बेटांवर राहून त्यानें आयरिश ऐकली, विक्लोच्या डोंगरांत एका घराच्या तक्तपोशींतील फटींतून खालीं स्वयंपाकघरांत चाललेलें मोलकरणींचें बोलणें ऐकलें, हें त्यानें स्वतःच नमूद केलें आहे. तरी १९०७ सालीं डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहांत त्याचें ‘प्लेबॉय’ उभें राहिलें, तेव्हां प्रेक्षकांनीं दंगल केली, आणि निमित्त झालें बायकांच्या आंतल्या वस्त्राचें नांव रंगभूमीवर उच्चारल्याचें. आम्हांस वाटतें, कारण त्याहून खोल होतें. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बोलीवरून आपली टवाळी झाली ती पुन्हां रंगभूमीवर ऐकतांच, लेखक आपला असो वा परका, अंगाचा भडका उडणें स्वाभाविक होतें. याच्या पंधरा वर्षें आधीं, १८९२ सालीं, डग्लस हाइड यांनीं आयर्लंडचें इंग्रजीपण उतरविण्याविषयीं आपलें गाजलेलें व्याख्यान दिलें होतें, आणि पुढच्याच वर्षीं आयरिशच्या पुनरुज्जीवनासाठीं गेलिक लीग निघाली होती. त्या चळवळींतील कडव्या मंडळींस शुद्ध आयरिश हवी होती. ही मिश्र बोली त्यांस गुलामगिरीचा डाग वाटे. अशा रीतीनें ती दोन्ही घरची पाहुणी उपाशी राहिली. तिची आस्थेनें नोंद केली ती पॅट्रिक वेस्टन जॉइस या शिक्षकानें. लोकांकडून शब्द व म्हणी मागवून त्यानें १९१० सालीं ‘इंग्लिश ॲज वुई स्पीक इट इन आयर्लंड’ हें पुस्तक काढलें. आम्हीं तें दोनदां वाचलें आहे व तिसऱ्यांदां वाचण्याचा बेत आहे.

दुसऱ्या जॉइसच्या, म्हणजे कादंबरीकार जेम्स जॉइसच्या १९१६ सालच्या आत्मचरित्रपर कादंबरींत एक मार्मिक प्रसंग आहे. नायक दिव्यांत तेल ओतण्याच्या नरसाळ्यास ‘टंडिश’ म्हणतो. इंग्रज पाद्री गुरु तो शब्द कधीं ऐकला नसल्याचें सांगून, हा आयरिश असावा असें कौतुकानें म्हणतो. नायकाच्या मनाला तें लागतें. पुढें कोश पाहतो तों टंडिश हा अस्सल जुना इंग्रजी शब्द निघतो! कोणता शब्द कोणाचा, हें कानावरून ठरवूं नये, याचें इतकें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं. आज सर्व जगांत आयरिश म्हणून मिरविणारा ‘क्रॅक’ हा शब्द घ्या. चार माणसें जमून गप्पा, गाणें, थट्टा यांत जी मजा येते ती ‘क्रॅक’. पण हा शब्द मुळांत उत्तर इंग्लंड व स्कॉटलंड येथील; अल्स्टरमार्गें तो आयर्लंडांत आला, आयरिश भाषेनें त्याला आपल्या लेखनपद्धतीचा पोशाख चढविला, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत तो त्या पोशाखांत पुन्हां इंग्रजींत शिरला. याच्या उलट, २००७ सालीं अमेरिकेंत डॅनिएल कॅसिडी यांनीं एक पुस्तक लिहून ‘जॅझ’, ‘पोकर’ असे असंख्य अमेरिकन शब्द आयरिशमधून निघाले असें प्रतिपादिलें. पुस्तक गाजलें, त्याला पारितोषिकही मिळालें. पण जुन्या लेखांचा पुरावा नाहीं, केवळ ध्वनिसाम्यावर सारी इमारत, म्हणून कोशकारांनीं तें मान्य केलें नाहीं. संस्कृतांतून जगांतील सर्व भाषा काढणारे विद्वान् आपल्याकडेही होऊन गेले असल्यामुळें आम्ही अधिक बोलत नाहीं.

आयर्लंडनें जगास खरोखर दिलेले शब्द थोडे, पण वजनदार आहेत. इंग्लंडांतील ‘टोरी’ पक्षाचें नांव मूळ आयरिश रानांत लपणाऱ्या, पाठलाग होत असलेल्या बंडखोरास लागत असे. १६८० च्या सुमारास विरोधकांनीं तें शिवी म्हणून दिलें व त्यांनीं तें भूषण म्हणून धारण केलें. आणि ‘बॉयकॉट’? १८८० सालीं मेयो परगण्यांतील कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशीं कुळांनीं सर्व व्यवहार तोडले. या कृत्यास विद्वानांचा जड शब्द शेतकऱ्यांस कळणार नाहीं, म्हणून तेथील पाद्री ओमॅली यांनीं त्या गृहस्थाच्या नांवाचेंच क्रियापद करावें असें सुचविलें, अशी हकीगत एका अमेरिकन पत्रकारानें दिली आहे. पंचवीस वर्षांनीं, वंगभंगाच्या चळवळींत, तोच शब्द पुण्यामुंबईच्या सभांतून व ‘बहिष्कार’ या रूपानें लोकमान्यांच्या चतुःसूत्रींत दुमदुमला.

आज आयर्लंड स्वतंत्र आहे. घटनेप्रमाणें आयरिश ही पहिली राजभाषा आहे. २०२२ च्या शिरगणतींत अठरा लक्षांवर लोकांनीं ती येत असल्याचें सांगितलें. पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे बहात्तर हजारांच्या आसपासच. लोक बोलतात ती इंग्रजीच, आणि तींत पंतप्रधानास ‘प्राइम मिनिस्टर’ न म्हणतां ‘टीशख’ या आयरिश शब्दानेंच संबोधतात. मालवण तालुक्यांतील वराड गांवच्या डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर यांनीं २०१७ सालीं हें पद प्रथम भूषविलें, तेव्हां मराठी वृत्तपत्रांची या शब्दाच्या उच्चारानें जी तारांबळ उडाली ती वाचकांस आठवत असेल.

शेवटीं एका डब्लिनकराची गोष्ट सांगावयाची राहिली. भारतीय भाषांची प्रचंड पाहणी करणारे जॉर्ज ग्रिअर्सन हे १८५१ सालीं डब्लिनजवळ जन्मले. त्यांच्या पाहणीचा सातवा खंड, १९०५ सालचा, सबंध मराठीला दिलेला आहे. त्यांत कोंकणी, वऱ्हाडी, नागपुरी अशा बोलींचे नमुने आहेत, आणि ज्यांना आपल्याच लोकांनीं गांवढळ म्हटलें त्या बोलींसही त्यांनीं व्याकरण आहे असें धरूनच तें लिहिलें. नमुना म्हणून बहुतेक ठिकाणीं एकच कथा घेतली: बायबलांतील उधळ्या मुलाची, जो वडिलांची संपत्ति उडवून दूरदेशीं उपाशी मरूं लागतो व अखेर घरीं परततो. पुढें १९२८ ते १९३१ या काळांत आयरिश सरकारनें बर्लिनहून विल्हेल्म डेगेन यांस बोलावून देशोदेशींच्या नव्हे, तर आपल्याच परगण्यांतील म्हाताऱ्या माणसांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले. त्यांतील कित्येक बोली आज बोलणारा कोणी जिवंत नाहीं. आमच्यासमोरच्या यंत्रावर मात्र त्या ऐकूं येतात. त्या म्हाताऱ्यांपैकीं अनेकांना सांगावयास दिलेली कथा हीच, उधळ्या मुलाची आहे. पुढच्या सत्रांत वर्गास ती ऐकवावयाची, असें आम्हीं ठरविलें आहे; त्या विद्यार्थिनीनें आपल्या पुस्तकांतले ‘अशुद्ध’ हे शेरे खोडून काढले आहेत कीं नाहींत, तें अद्याप पाहिलेलें नाहीं.